तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? प्राचीन इस्राएलची युद्धं आणि देवाचा कौल

कऱ्हेकाठ (मूळ धागा)

बायबलच्या जुन्या करारातल्या लढायांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, देवाचा हुकूम होता, विषय संपला. दुसरा म्हणतो, देवाच्या नावावर खपवलेल्या कत्तली आहेत, त्या वाचायच्या तरी कशाला. गेले काही महिने मी यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे ही पुस्तकं मराठी पवित्र शास्त्रातून सलग वाचतोय, आणि मला हे दोन्ही सूर मजकुराला सोडून वाटतात.

माझं म्हणणं असं आहे: या कथांमध्ये देवाचा कौल हा बहुतेक वेळा राजाला आणि सैन्याला घातलेला लगाम आहे. कौल लावणाऱ्याने 'नाही' ऐकायची तयारी ठेवायची असते. ज्यांनी ती ठेवली नाही त्यांचं पुढे काय झालं, हे लिहिणाऱ्यांनी झाकून ठेवलेलं नाही.

मोशेनंतर इस्राएलचा नेता झालेल्या यहोशवाला यरीहो नगराजवळ उपसलेली तलवार घेऊन उभा असलेला एक पुरुष दिसतो. यहोशवा कुठल्याही सेनापतीला सुचेल तोच प्रश्न विचारतो: तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येतं, नाही. मी परमेश्वराच्या सेनेचा सेनापती म्हणून आलोय. आणि मग सांगणं एवढंच की पायातले जोडे काढ, ही जागा पवित्र आहे. ज्या पुस्तकाला लोक विजयाची पोथी समजतात, त्यातल्या पहिल्या मोठ्या लढाईच्या तोंडावर हा संवाद आहे.

पुढे १ शमुवेलच्या चौथ्या अध्यायात पलिष्ट्यांकडून मार खाऊन इस्राएल परततो, ४,००० माणसं पडलेली असतात. वडीलधारे म्हणतात, शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पवित्र पेटी, आणू, म्हणजे तो आपल्याला वाचवील. कोश छावणीत येतो, जमीन दणाणेल असा जयघोष होतो. पलिष्टीही घाबरतात. आणि दुसऱ्या लढाईत ३०,००० पडतात, कोश शत्रूच्या हाती जातो, शिलोचा याजक एली याचे दोन्ही मुलगे मरतात. ९८ वर्षांचा एली वेशीपाशी बातमीची वाट बघत बसलेला असतो. मुलं गेल्याचं तो ऐकून घेतो. कोश गेल्याचं ऐकल्यावर मात्र आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो. कोश नेण्याआधी देवाला कोणी काही विचारलं होतं का? त्या अध्यायात तसं एकही वाक्य नाही. त्यांनी देवाला हत्यार म्हणून रणात नेलं होतं.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते शास्त्यांच्या २० व्या अध्यायाने. गिबा गावात एका स्त्रीवर रात्रभर अत्याचार होतो, ती मरते, आणि गुन्हेगारांना पाठीशी घालणाऱ्या बन्यामीन वंशाविरुद्ध बाकीचे वंश उभे राहतात. बाजू न्याय्य, संख्याही प्रचंड. ते देवाला विचारतात, आमच्यातून आधी कोणी जावं? उत्तर: यहूदा वंशाने. जातात, आणि २२,००० गमावतात. मग संध्याकाळपर्यंत रडतात आणि विचारतात, आमचा भाऊ बन्यामीन याच्याशी पुन्हा लढायला जावं का? जा. जातात, आणखी १८,००० पडतात. तिसऱ्या वेळी उपास करतात, अर्पणं वाहतात आणि विचारतात: जावं की थांबावं? आता कुठे उत्तर येतं, जा, उद्या मी त्यांना तुमच्या हाती देईन. तिन्ही प्रश्न शेजारी ठेवून बघा. पहिल्यात लढायचं आधीच ठरलंय, फक्त क्रम विचारलाय. दुसऱ्यात शत्रू 'भाऊ' झालाय. थांबण्याची शक्यता तिसऱ्याच प्रश्नात आली, आणि तोवर ४०,००० गेले होते.

गिदोनाचं सैन्य ३२,००० वरून ३०० वर आणलं जातं, कारण आमच्याच हाताने आम्ही तरलो अशी बढाई कोणी मारू नये. अनुवाद या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात नवं घर बांधलेल्याला, द्राक्षमळा लावलेल्याला, वाङ्निश्चय झालेल्याला आणि भ्यालेल्यालाही घरी जायची मोकळीक आहे, आणि वेढ्यात फळझाडं तोडायला मनाई आहे. युद्ध जिंकायच्या घाईत असलेला माणूस असे नियम लिहीत नाही.

असहमत असणाऱ्यांनी अध्याय दाखवून बोलावं, एवढीच विनंती.

पाणवठा

असहमत, आणि अध्याय दाखवूनच बोलते.

१ शमुवेल १५. शमुवेल संदेष्टा इस्राएलचा पहिला राजा शौल याला देवाचा निरोप देतो: अमालेक्यांना मार, त्यांचं जे काही आहे त्याचा नाश कर, पुरुष, स्त्री, मूल, तान्हं बाळ, बैल, मेंढरं, उंट, गाढव, कशाचीही गय करू नकोस. कारण काय, तर त्यांच्या पूर्वजांनी मिसरातून येणाऱ्या इस्राएलची वाट अडवली होती. कित्येक पिढ्यांपूर्वी. शौल सगळ्यांना मारतो, फक्त राजा अगागाला आणि चांगल्या जनावरांना ठेवतो. त्यावरून त्याचं राज्य जातं. तुमचा लगाम इथे आहे कुठे? इथे माणूस थांबलाय आणि देव त्याला विचारतोय की थांबलास का.

गणना ३१. मिद्यान्यांवरची मोहीम. सैन्य बायकापोरं जिवंत घेऊन येतं, तर मोशे भडकतो: सगळ्या बायकांना जिवंत ठेवलंत? मग मुलगे आणि पुरुषसंग झालेल्या स्त्रिया मारल्या जातात आणि कुमारिका वाटून घेतल्या जातात. ३२,००० मुली, मेंढ्या आणि गाढवांच्या यादीतच मोजलेल्या.

फळझाडांचंही ऐका. २ राजे ३ मध्ये मवाबावर स्वारी होते. अलीशा संदेष्टा देवाच्या नावाने सांगतो: प्रत्येक चांगलं झाड पाडा, झरे बुजवा, चांगल्या शेतात धोंडे टाका. सैन्य अगदी तसंच करतं. म्हणजे जो नियम तुम्ही कौतुकाने सांगितलात तो देवाच्याच माणसाने मोडायला लावला.

आणि शास्ते २० वर थांबलात, २१ वा का नाही वाचलात? बन्यामीनचे ६०० पुरुष उरले, त्यांना बायका हव्यात. आपल्या मुली द्यायच्या नाहीत अशी शपथ घेतलेली. म्हणून याबेश-गिलादवर चालून जाऊन तिथले लोक कापले, ४०० कुमारिका आणल्या. त्याही पुरल्या नाहीत तेव्हा शिलोच्या सणात नाचायला आलेल्या मुली द्राक्षमळ्यात दबा धरून पळवल्या. ज्या लढाईची सुरुवात एका स्त्रीवरच्या अत्याचाराने झाली तिचा शेवट शेकडो स्त्रियांवरच्या अत्याचाराने झाला. या सगळ्यात आध्यात्मिक अर्थ शोधणं मला तरी जमत नाही.

कऱ्हेकाठ

पाणवठा, १५ वा अध्याय मी टाळलेला नाही, त्याच्याकडे येणारच होतो. तो भयंकर आहे, हे मी मान्यच करतो. पण शौल थांबला असं म्हणू नका. त्याने तान्ही बाळं सोडली नाहीत. त्याने धष्टपुष्ट जनावरं आणि एक राजा ठेवला. एक लूट, दुसरा विजयाचं प्रदर्शन. 'हेरेम', म्हणजे सगळं देवाला वाहून नष्ट करण्याची जी प्रथा, तिची एक बाजू अशी की युद्धातून कोणाचीही भर होता कामा नये. आय गावची पहिली स्वारी फसली आणि ३६ माणसं मेली, कारण आखानाने यरीहोतून शिनारी झगा, २०० शेकेल रुपं आणि ५० शेकेलची सोन्याची वीट उचलून तंबूत पुरली होती. लुटीसाठी लढणारं सैन्य आणि लुटीला हात न लावणारं सैन्य यांत फरक आहे.

२१ व्या अध्यायाचं म्हणाल तर तिथे लोक रडतात, वेदी बांधतात, पण बायका कुठून आणायच्या हे देवाला विचारत नाहीत. ते सगळं वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरतं. पुस्तकाचा शेवट काय आहे? त्या दिवसांत इस्राएलला राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसे ते तो करी. लिहिणाऱ्याने निकाल दिलेला आहे.

पाणवठा

मारणाऱ्याने लूट घेतली की नाही, याने मरणाऱ्या पोराला काय फरक पडतो?

आखानाबरोबर त्याचे मुलगे आणि मुलीही त्या खोऱ्यात नेल्या. त्यांनी झगा चोरला होता का?

कातळशिल्प

दोघांचे वाद वाचले. दोघेही या घटना जशाच्या तशा घडल्या असे धरून चालला आहात. थोडे जमिनीखाली बघू.

यरीहो, म्हणजे तेल एस-सुलतान, येथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात उत्खनन केले. तटबंदी असलेले मोठे नगर इ.स.पू. १५५० च्या सुमारास नष्ट झाले होते. यहोशवाचा काळ साधारण इ.स.पू. तेरावे शतक मानतात. तेव्हा तिथे पाडण्याजोगा तट नव्हता. आय, म्हणजे एत-तेल, ही त्याहून मोठी अडचण आहे. तिथले नगर इ.स.पू. २४०० च्या सुमारास संपले आणि पुढची हजारेक वर्षे ती जागा ओस होती. हासोर मात्र तेराव्या शतकात खरोखर जळाले, पण ते कोणी जाळले यावर अभ्यासकांत वाद आहे. इस्राएलने कनान देश झपाट्याने जिंकला हे चित्र खुद्द बायबललाही पूर्ण मान्य नाही. शास्त्यांचा पहिलाच अध्याय कोणत्या वंशाला कोणती गावे घेता आली नाहीत याची लांबलचक यादी देतो.

दुसरे, ही भाषा एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धीबान येथे मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला; तो आता लूव्र संग्रहालयात आहे. काळ इ.स.पू. ८४० च्या आसपास. मेशा म्हणतो: आपल्या भूमीवर कमोश देव रागावला होता म्हणून इस्राएलच्या राजाने मवाबाला छळले. पुढे कमोशाने मला सांगितले, जा, इस्राएलकडून नबो घे. मी रात्री गेलो, पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो, ७,००० जणांना मारले, स्त्रियांनाही, कारण ते नगर मी देवाला वाहिले होते. देवाचे नाव बदला, परिच्छेद यहोशवाच्या पुस्तकात सहज बसेल. वर पाणवठा यांनी उल्लेखिलेली २ राजे ३ ची स्वारी याच मेशावरची आहे. तिचा शेवटही वाचण्यासारखा आहे: वेढ्यात सापडलेला मेशा तटावर स्वतःच्या थोरल्या मुलाचे बलिदान करतो, 'इस्राएलवर मोठा कोप झाला' आणि ते परत फिरतात. अलीशाने मवाब हाती येईल असे सांगितले होते. कौल, पाडलेली झाडे, बुजवलेले झरे, आणि हाती काही नाही.

म्हणून प्रश्न असा विचारावा: ही पुस्तके कोणी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली? बऱ्याच अभ्यासकांच्या मते अनुवाद हे पुस्तक आणि त्याच्या मुशीतला यहोशवा ते राजे हा इतिहास इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकात आकाराला आला. यहूदा त्या वेळी अश्शूरच्या टाचेखाली भरडलेले छोटे राज्य होते. सन्हेरीबाने इ.स.पू. ७०१ मध्ये ४६ तटबंदीची गावे घेतल्याचे आणि हिज्कीया राजाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेमेत कोंडल्याचे स्वतःच कोरून ठेवले आहे. लाखीशच्या वेढ्याची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: उतारावर चढणारी यंत्रे, वेशीतून सामान घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे, सुळावर चढवलेली माणसे. अश्शूरचे राजेही अश्शूर देवाच्या आज्ञेनेच निघत. अशा साम्राज्यापुढे उभ्या असलेल्या लोकांनी जुन्या काळातील आपल्या विजयाची गोष्ट रचली, आणि ज्यांना मारण्याच्या आज्ञा लिहिल्या ती कनानी राष्ट्रे तोवर राष्ट्रे म्हणून उरलीही नव्हती. दुबळ्यांची ही कल्पना आहे. तिचा अर्थ रणनीतीत शोधू नये.

पाणवठा

कातळशिल्प, माहिती उत्तम, आभार. पण याने माझी अडचण वाढली. घडलेलं कोणी नोंदवलं असेल तर ती नोंद झाली. घडलेलं नसताना कोणीतरी बसून असंच घडायला हवं होतं म्हणून लिहिलं असेल, तर तो आदर्श झाला. दुबळ्यांनी लिहिलं म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. पुस्तक दुबळ्यांच्या हाती कायम राहत नाही.

सांजवेळ

मी नगरकडची, ख्रिस्ती कुटुंबातली. संडे स्कूलमध्ये आम्ही यरीहोच्या तटाभोवती फिरण्याचा खेळ खेळायचो: खुर्च्यांचा तट, सात फेऱ्या, शेवटी सगळ्यांनी ओरडायचं. त्या वयात तटाच्या आत कोण राहत होतं हा विचार डोक्यात येत नाही. मोठेपणी आला आणि बराच काळ त्याने छळलं.

तरीही मी या पुस्तकांकडे पाठ फिरवू शकत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने हा प्रश्न सरळ अंगावर घेतला होता. त्याचं म्हणणं असं की यहोशवाची युद्धं ही आध्यात्मिक युद्धांची प्रतिमा नसती, तर शांती शिकवणाऱ्या येशूच्या मंडळ्यांत वाचण्यासाठी प्रेषितांनी ही पुस्तकं सोपवलीच नसती. कनानी म्हणजे माझ्या आतला लोभ, द्वेष, गर्व. त्यांच्याशी तह नाही. 'कशाचीही गय करू नकोस' हे वाक्य मी माझ्या मत्सराला उद्देशून वाचू शकते. माणसाला उद्देशून नाही.

आणि पाणवठाताई, अलीशाची दुसरी गोष्टही त्याच पुस्तकात आहे, २ राजे ६. अरामी सैन्य त्याला पकडायला येतं, आंधळं होतं, आणि तो त्यांना थेट शोमरोनमध्ये, राजाच्या पुढ्यात नेतो. राजा अधीर होऊन दोनदा विचारतो, मारू का? मारू का? अलीशा म्हणतो, त्यांच्यापुढे भाकर आणि पाणी ठेव. मोठी मेजवानी होते, खाऊनपिऊन ते आपल्या धन्याकडे परत जातात, आणि अरामी टोळ्या पुन्हा इस्राएलच्या देशात आल्या नाहीत असं लिहिलंय. माझ्यासाठी जुन्या करारातल्या युद्धाचा अर्थ तिथे आहे.

पाणवठा

सांजवेळ, मेजवानीची गोष्ट मलाही प्रिय आहे. पण शत्रू म्हणजे मनातला लोभ, हे वाचन माणसाला आवरतं असा भरवसा धरू नका. जुलै १०९९ मध्ये क्रुसेडवाले, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, यरुशलेमच्या तटाखाली पोचले तेव्हा त्यांनी उपास केला आणि ८ तारखेला अनवाणी, धर्मगुरूंना पुढे घालून शहराभोवती मिरवणूक काढली. यरीहोचीच नक्कल होती ती. १५ तारखेला शहर पडलं, आणि आतल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. ओरिगेन होऊन तेव्हा आठशे वर्षं उलटली होती. चर्चकडे त्याचं वाचन होतंच की.

उंबरठा

एक प्रश्न. आपल्याकडे युद्धभूमीवर अर्जुन धनुष्य टाकून बसतो आणि विचारतो, यांना मारून मी काय मिळवणार? उत्तर पटो न पटो, प्रश्न ग्रंथात आहे आणि तो पहिल्याच अध्यायात आहे. यहोशवाच्या पुस्तकात एकही अर्जुन का नाही? सदोमसाठी देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करणारा अब्राहाम त्याच परंपरेत आहे. मग यरीहोच्या वेळी एकालाही तोंड का फुटलं नाही?

इस्राएल_आळी

उंबरठा यांच्या प्रश्नासाठीच लिहायला बसले. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, आमचं घर मूळ अलिबागचं. पुरीम सणाच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आमच्या सिनेगॉगमध्ये, जगातल्या सगळ्या सिनेगॉगमध्ये वाचतात तसाच, अमालेकाची आठवण ठेवण्याचा उतारा वाचला जातो. लहानपणापासून ऐकत आलेय. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुरातत्त्वाचा नाही, दरवर्षी कानावर पडणारा आहे.

अर्जुन आहे. तो बायबलमध्ये नाही, तल्मूडमध्ये, म्हणजे रब्बींच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात आहे, योमा या भागात. तिथे अर्जुन कोण, तर शौल! अमालेक्यांना मारण्याची आज्ञा मिळाल्यावर शौल खोऱ्यात थांबून वाद घालतो. शेतात एका माणसाचा खून झालेला सापडला आणि मारेकरी कळला नाही, तर तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, त्या एका जिवासाठी कालवडीचा विधी करायला सांगते. मग इतक्या जिवांचं काय? आणि माणसांनी पाप केलं असेल, जनावरांनी काय केलं? मोठ्यांनी केलं असेल, लेकरांनी काय केलं? हे सगळं शौलाच्या तोंडी रब्बींनी घातलं. पाणवठा यांनी वर विचारलेला प्रश्न, जवळजवळ तिच्याच शब्दांत, दीड हजार वर्षांपूर्वी पानावर आहे.

समुद्राचीही कथा अशीच. इस्राएलचा पाठलाग करणारं मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत स्तोत्र गायला निघतात आणि देव त्यांना अडवतो: माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडतेय आणि तुम्ही गाणार?

आणि आमच्या परंपरेने नुसत्या कथा सांगितल्या नाहीत, दार लावून घेतलं. मिश्नामध्ये, म्हणजे तल्मूडच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहात, एक अम्मोनी माणूस येऊन विचारतो, मला मंडळीत घेता का? अम्मोन्यांना तोराची मनाई आहे. रब्बी यहोशुआ म्हणतात, सन्हेरीब कधीचाच येऊन गेला आणि त्याने सगळी राष्ट्रं एकमेकांत मिसळून टाकली, कोण कुठला हे आता सांगता येत नाही. त्याला घेतलं. बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू धर्मपंडिताने कनानातल्या सात राष्ट्रांबद्दल लिहिलं की त्यांची आठवणही उरलेली नाही. शिवाय त्याने नियम घातला की शांतीचा प्रस्ताव दिल्याशिवाय कोणाशीही युद्ध करता येत नाही. राजाला स्वतःच्या मर्जीची लढाई करायची तर ७१ जणांच्या न्यायसभेची परवानगी हवी, असं मिश्ना सांगते. आज न मंदिर आहे, न उरीम व थुम्मीम ही याजकाची कौल लावायची साधनं, न ती न्यायसभा. त्यामुळे देवाने मला लढायला सांगितलं असं म्हणायचा अधिकार आज कोणालाही नाही. मी हे ठासून सांगते, कारण आजही कोणाकोणाला अमालेकी ठरवणारे लोक आहेत आणि त्यात आमचेही आहेत.

पाणवठा

तल्मूडातला शौल मला माहीत नव्हता, मनापासून आभार. पण त्या कथेत त्याला उत्तर काय मिळतं?

इस्राएल_आळी

आकाशवाणी होते: फाजील न्यायी होऊ नकोस.

तुम्हाला हे उत्तर पुरणार नाही, मलाही ते सोपं जात नाही. पण कथा तिथे संपत नाही. लगेच पुढे दुसरा प्रसंग जोडलाय. हाच शौल नोब गावच्या याजकांना मारायला सांगतो, तो ज्याच्या मागावर होता त्या दावीदाला भाकर दिली एवढ्याशा कारणावरून, आणि तेव्हा आकाशवाणी होते: फाजील दुष्ट होऊ नकोस. अमालेक्यांच्या लेकरांसाठी ज्याने वाद घातला त्याने स्वतःच्याच लोकांची लेकरं कापली. रब्बींना काय सांगायचं होतं यावर आजवर एकमत नाही. आमच्या घरात तर नाहीच.

कऱ्हेकाठ

नोबचा उल्लेख आला ते फार बरं झालं, कारण माझा मूळ मुद्दा तिथेच येऊन टेकतो. १ शमुवेल २२: शौलाचे स्वतःचे शिपाई याजकांवर हात उचलायला नकार देतात. मग दवेग अदोमी पुढे होतो आणि एफोद (याजकाचं खास वस्त्र) घालणारे ८५ याजक मारतो, शिवाय गावातल्या बायका आणि तान्ही बाळं. इथे देवाची आज्ञा नव्हती, राजाची होती, आणि शिपायांनी ती मोडली. एकटा अब्याथार निसटतो आणि दावीदाकडे कईला गावी पोचतो, तेव्हा त्याच्या हातात एफोद असतो. कौल लावायचं साधन. त्या क्षणापासून दावीद विचारू शकतो आणि शौल विचारू शकत नाही. लगेच कईलातच दावीद विचारतो, शौल इथे येईल का? येईल. ज्या गावाला मी पलिष्ट्यांपासून वाचवलं तिथले लोक मला त्याच्या हाती देतील का? देतील. तो गाव सोडून निघून जातो, लढत नाही. आणि शौल? शेवटच्या लढाईआधी तो विचारतो, पण स्वप्नांनी, उरीमाने, संदेष्ट्यांनी, कशानेच उत्तर येत नाही. उत्तर देणाऱ्यांना त्यानेच मारलं होतं.

कातळशिल्प म्हणतात तसं हे नंतर लिहिलेलं असेल. मग तर लिहिणाऱ्याची हिंमत मोठी. राजाच्या दरबारात बसून त्याने लिहिलं की राजाला देवाचं मौनही मिळू शकतं.

पाणवठा

नोब आणि कईलाबद्दल सहमत. फार नेमकं वाचलंत.

पण तोच एफोद घेऊन दावीद पुढे कुठे जातो? अध्याय २७. तो पलिष्ट्यांच्या आखीश राजाकडे आश्रयाला राहतो, सिकलागहून गशूरी, गिरजी आणि अमालेकी यांच्यावर धाडी घालतो. पुरुष किंवा स्त्री जिवंत ठेवत नाही, मेंढरं, गाढवं, उंट आणि कपडे घेऊन येतो. का मारतो तेही लिहिलंय: कोणी गथला जाऊन आपली चहाडी सांगू नये म्हणून. अब्याथार त्याच्याबरोबर आहे. कौल लावल्याची एक ओळ नाही. म्हणजे लगाम हाताशी होता आणि त्याने घातला नाही. त्यासाठी त्याला शिक्षाही नाही. पुढे तोच राजा होतो.

कऱ्हेकाठ

शिक्षा नाही असं मी म्हणणार नाही. १ इतिहास २२ मध्ये म्हातारा दावीद शलमोनाला सांगतो की मंदिर बांधायचं माझ्या मनात होतं, पण परमेश्वराचं वचन आलं: तू पुष्कळ रक्त सांडलंस, मोठमोठी युद्धं केलीस, माझ्या नावाने मंदिर तू बांधायचं नाहीस. लाकूड, दगड, लोखंड सगळं त्याने जमवून ठेवलं होतं. ज्याची युद्धं देवाने जिंकून दिली म्हणतात, त्यालाच त्या युद्धांमुळे नकार. मी तो नकार तुमच्या २७ व्या अध्यायाला जोडून वाचतो.

सांजवेळ

मीही तसंच वाचते.

पाणवठा

मी नाही वाचणार. त्या नकारात रक्त 'पुष्कळ' आहे, कोणाचं ते नाही. सिकलागच्या त्या धाडी इतिहासाच्या पुस्तकाने गाळल्या आहेत; शमुवेलने त्या ठेवल्या, म्हणून निदान गशूरी आणि गिरजी ही नावं तरी आपल्याला कळली.